‘एक नंबर!’च्या पुढचं वाक्य : मित्रांच्या लँडस्केप फोटोंवर अभिप्राय कसा द्यावा

पावसाळ्यात राजगडावरून उतरून आलेल्या कुणीही फोटो दाखवला की अभिप्राय ठरलेले असतात. ‘भारी!’ ‘कडक!’ ‘एक नंबर!’ फोटोवाला दिवसभर खूश असतो आणि पुढच्या रविवारी तीच चूक सॅकमध्ये भरून तोरण्यावर जातो. याच्या उलट स्वभावाचा एक जणही प्रत्येक गटात असतोच. फोटो समोर यायचा अवकाश, याचं सुरू : क्षितिज तिरकं, आभाळ पांढरं पडून उडालंय, हिरवा जास्त, फोकस कुठाय? त्याची यादी बहुतेक वेळा बरोबर असते. पण एका दमात सहा चुका ऐकलेला माणूस त्यातली एकही सुधारत नाही. पुढच्या वेळी तो फोटोच आणत नाही.

आम्ही आठ हौशी माणसं महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो, टीव्हीला लॅपटॉप जोडतो आणि प्रत्येकाचे तीन-तीन फोटो पाहतो. पोट फोटोवर कुणाचंच नाही. मी या बैठकांमध्ये ‘एक नंबर’वालाही होतो आणि यादीवालाही. दोन्हीचे परिणाम पाहून झाल्यावर हळूहळू एक पद्धत बसत गेली, ती खाली मांडतो आहे. उदाहरणं सह्याद्रीतली आणि कोकणातली आहेत, कारण आमचे पाय तिथवरच पोचतात.

आधी स्वतःचा पडदा तपासा

एकदा रात्री साडेदहाला एका मित्रानं कासच्या पठाराचा फोटो पाठवला. मी लगेच कळवलं, ‘पिवळा फार झालाय, व्हाइट बॅलन्स (पिवळ्या-निळ्याचा तोल) बघ.’ बिचाऱ्यानं अर्धा तास बसून निळसरपणा वाढवला. सकाळी तीच सुधारित प्रत मी पाहिली, तर सगळं पठार आजारी दिसत होतं. माझ्या फोनवर रात्री आपोआप सुरू होणारा, डोळ्यांना त्रास नको म्हणून असलेला पिवळा फिल्टर चालू होता. पिवळा मी होतो, फोटो नव्हता.

तेव्हापासूनचा नियम : रंगांबद्दल तोंड उघडण्याआधी तो फिल्टर बंद करायचा, पडद्याचा उजेड मध्यावर आणायचा आणि आपल्या ओळखीचा एखादा फोटो शेजारी उघडून पाहायचा. अंधाऱ्या खोलीत पूर्ण उजेडावर एडिट केलेला फोटो दुसऱ्याला काळपट दिसतो. प्रिंट काढल्यावर तर हमखास. त्यामुळे ‘अंधारलाय’ म्हणण्याऐवजी ‘एडिट करताना खोलीत दिवा होता का?’ असं विचारलं तर दुखणं नेमकं सापडतं.

दुसरी गोष्ट फाइलची. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, त्यात गवताच्या पात्यांचा पार लगदा होतो. तेवढ्यावरून ‘शार्प नाही’ म्हणणं अन्याय आहे. तो डॉक्युमेंट म्हणून मागवा. एखाद्याचा फोटो त्याच्या लॅपटॉपवर रसरशीत आणि सगळ्यांच्या फोनवर फिका दिसत असेल, तर एडिट केलेली फाइल बाहेर काढताना (एक्स्पोर्ट) ‘कलर स्पेस’ म्हणजे रंग नोंदवायची पद्धत ॲडोब आरजीबी राहिली आहे का, हे पाहायला सांगा. पडद्यावर दाखवायच्या फोटोला एसआरजीबी ही दुसरी पद्धत लागते. हा दोष नजरेचा नसतो, एका खिडकीतल्या एका पर्यायाचा असतो.

पहिलं मिनिट गप्प बसायचं

आमच्याकडे फोटो लागला की साधारण मिनिटभर कुणी बोलत नाही. काढणाऱ्यानंही नाही. विशेषतः ‘अरे, इथं पोचायला चार तास लागले’ हे वाक्य तर मुळीच नाही. कष्ट फोटोत दिसत नसतात. ऐकले की मात्र बघणाऱ्याची नजर मऊ होते.

त्या मिनिटात एकच काम करायचं : नजर पहिल्यांदा कुठे गेली, तिथून कुठे सरकली आणि कुठे अडकली, हे लक्षात ठेवायचं. आवडलं-नावडलं नंतर. अभिप्रायाचा सगळा कच्चा माल इथेच मिळतो, आणि तो वादातीत असतो. ‘तुझी रचना चुकली’ यावर भांडता येतं. ‘माझी नजर आधी डावीकडच्या पांढऱ्या दगडावर गेली आणि गडापर्यंत पोचायला वेळ लागला’ यावर कोण काय भांडणार?

नजर थकली असेल तर दोन जुन्या युक्त्या आहेत. फोटो अंगठ्याएवढा लहान करून पाहा : मोठ्या आकारांचा तोल त्यात लगेच कळतो. किंवा उलटा करून पाहा. उलट्या फोटोत तो तोरणा राहत नाही, नुसते गडद-उजळ ठिपके राहतात, आणि एका बाजूला सगळं वजन कललंय का ते दिसतं.

मग विचारायचं

बोलण्याआधी विचारा. आमचे प्रश्न साधे आहेत : कुठे उभा होतास आणि किती वाजता? तुला यात काय दाखवायचं होतं? हा फोटो कुठे जाणार आहे, भिंतीवर की फोनवर? रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) आहे की जेपेग (कॅमेऱ्यानं तयार करून दिलेली)? आणि शेवटचा, जो लोक विसरतात : तुला यावर नक्की काय हवंय? कुणाला एडिटिंगबद्दल शंका असते, कुणाला तीनपैकी एक फोटो निवडून हवा असतो, आणि कुणाला, खरं सांगायचं तर, फक्त कौतुक हवं असतं. तसं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं तर कौतुक करावं आणि चहा घ्यावा. त्यात काही बिघडत नाही.

दुसरा प्रश्न सगळ्यांत कामाचा. लोहगडाच्या विंचूकाट्याचा एक फोटो आमच्यात आला होता. माचीचं टोक धुक्यात जवळजवळ नाहीसं झालेलं. तिघांनी एका सुरात ‘डिहेझ कर’, म्हणजे धुकं कमी करणारा स्लायडर ओढ, म्हणून सांगितलं. तो म्हणाला, ‘मला ती नाहीशी होतानाच हवी होती.’ मग चर्चाच बदलली. माची अजून थोडी विरली तर? पुढचा दगड एवढा काळा आणि टोकदार आहे, तोच धुक्याच्या विरोधात जातोय का? त्याच्या हेतूला कुठे बळ मिळतं आणि कुठे अडथळा होतो, एवढंच आपण सांगायचं. त्याचा हेतू बदलून आपला घुसवायचा, हा अभिप्राय नव्हे.

बघण्याचा क्रम

हेतू कळला की मी ठरलेल्या क्रमानं पाहतो, म्हणजे काही सुटत नाही.

सुरुवात चारही कडांपासून. काढताना माणसाचं लक्ष मधोमध असतं, त्यामुळे कडांवर काय काय घुसतं ते त्याला दिसलेलं नसतं : अर्धी फांदी, कुणाच्या सॅकचा पट्टा, कोपऱ्यातला पांढऱ्या आभाळाचा तुकडा, विजेची तार. शंका आली तर पडद्यावर त्या जागी हात आडवा धरा आणि विचारा, ‘हे नसतं तर काही गेलं असतं का?’ उत्तर तो स्वतःच देतो.

मग क्षितिज. हरिहरेश्वर, वेळणेश्वर, तारकर्ली, कुठलाही समुद्र एका अंशानंही कलला तरी पाणी वाहून चाललंय असं वाटतं. पण एक सावधगिरी : किनारा तिरका आत वळत असेल तर वाळूची रेघ तिरकी दिसणारच, ती सरळ करायला लावू नका. पाणी आणि आभाळ मिळतात ती रेघ तेवढी पाहायची. डोंगरात खरं क्षितिज दिसतच नाही, तिथे तळ्याची पातळी, एखादं सरळ झाड किंवा बुरुजाची उभी भिंत पाहा.

त्यानंतर सर्वांत उजळ जागा. नजर उजेडाकडे पळते, म्हणून सर्वांत उजळ जागा विषयाच्या जवळ नसेल तर फोटोत दोन राजे होतात. पुढे, फोटोला खोली आहे का : जवळचं, मधलं, लांबचं. पायथ्याचे दगड आणि लांबचा कडा यांच्या मध्ये नुसती पोकळी असेल तर दगड उगाच आणून ठेवल्यासारखे वाटतात. तृतीयांशाचा नियम (विषय मधोमध न ठेवता फ्रेमच्या एक तृतीयांश रेघेवर ठेवायचा) मात्र मी शेवटी काढतो, आणि बऱ्याचदा काढतच नाही. तुंगासारखा त्रिकोणी डोंगर स्थिर पाण्यात उतरला असेल तर त्याला मधोमध ठेवण्यात काय चूक आहे?

जागेवरचं वेगळं, टेबलावरचं वेगळं

दोष दिसला की तो मनातल्या दोनपैकी एका खान्यात टाकायचा. काही गोष्टी घरी बसून सुधारतात : कल, क्रॉप, रंग, थोडाफार उजेड, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके. काही तिथेच, त्या वेळीच सुधारता आल्या असत्या : उभं राहायची जागा, वेळ, वाऱ्यानं हललेलं गवत, चुकलेला फोकस, पूर्ण पांढरा पडलेला धबधबा.

हा फरक न करता बोललेलं कानाला सारखंच लागतं, पण उपयोग वेगळा असतो. उदाहरणार्थ हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. तो पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळचा फोटो असेल तर कडा स्वतःच्याच सावलीत असतो, आणि ‘प्रकाश सपाट आहे’ हे ऐकून कुणी काही करू शकत नाही. ‘हाच कोन दुपारी चारनंतर बघ, कड्याची वक्र भिंत उजेडात येईल’ हे मात्र वहीत लिहून ठेवण्यासारखं आहे. मग तो मुक्कामाचा बेत आखतो.

धबधब्यांचंही तसंच. पाणी रेशमासारखं हवं असेल तर पाव सेकंद ते एक सेकंद शटर लागतं. थेंब गोठवायचे असतील तर सेकंदाच्या ५००व्या भागाच्या आसपास किंवा त्याहून वेगवान. मधल्या ३०व्या-६०व्या भागाला पाणी धड ना इकडचं धड ना तिकडचं, आणि बघणाऱ्याला ते नुसतं हललेलं वाटतं. हे एडिटिंगमध्ये येत नाही, म्हणून ‘पुढच्या वेळी’ असं म्हणूनच सांगावं. तसंच, सगळं शार्प यावं म्हणून लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ/२२ एवढं बारीक करणाऱ्याला सांगा की इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश वळतो आणि फोटो उलट मऊ होतो. एफ/८ ते एफ/११ बहुतेक लेन्सला मानवतं. पोलरायझर, म्हणजे चमक कमी करून आभाळ गडद करणारा लेन्सवरचा फिल्टर, त्याचा परिणाम सूर्याशी काटकोनात सर्वाधिक होतो. त्यामुळे खूप वाइड लेन्सवर आभाळात मध्येच गडद निळा पट्टा उमटतो. तो दिसला तर एडिटिंगला दोष देऊ नका, फिल्टर काढायला सांगा.

एडिटिंगवर बोलताना

इथे सगळ्यांत जास्त भांडणं होतात, आणि ती बहुधा एका चुकीच्या वाक्यापासून सुरू होतात : ‘मी काही एडिट करत नाही, डायरेक्ट कॅमेऱ्यातून.’ कॅमेरा किंवा फोन जेपेग देतो तेव्हा रंग, उठाव, शार्पनेस हे सगळं त्यानंच ठरवलेलं असतं. एडिट झालंच आहे, फक्त दुसऱ्यानं केलंय. आन्सेल ॲडम्सनं १९४१मध्ये न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला आणि त्याच एका निगेटिव्हवरून पुढे कित्येक वर्षं प्रिंट काढत राहिला. नंतरच्या प्रिंटांमध्ये आभाळ सुरुवातीच्या प्रिंटांपेक्षा कितीतरी काळं आहे. तेव्हा ‘एडिट केलंय’ हा आरोप होऊ शकत नाही. काय केलं आणि त्यानं काय साधलं, हा प्रश्न आहे.

लक्षण दिसलं की कारण आणि उपाय एकत्र सांगायचे. वारंवार दिसणारी काही लक्षणं अशी :

पोपटी पेटलेला डोंगर. पावसाळ्यात ढगाळ उजेडात हिरवा मुळातच गडद येतो, त्यावर फोन स्वतःची भर घालतो आणि त्यावर आपण सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) ओढतो. मीठ तिघांनी घातलेली आमटी. इथे ‘हिरवा कमी कर’ एवढं पुरत नाही, कारण एकूण सॅच्युरेशन खाली ओढलं तर मातीचा तांबूसपणाही मरतो. फक्त हिरव्या रंगाचा स्लायडर घ्यायला सांगा : सॅच्युरेशन थोडं खाली, छटा किंचित पिवळ्याकडे, उजळपणा थोडा खाली. आणि महिना विचारा. आपल्या डोंगरांचा हिरवा महिन्यागणिक बदलतो. जुलैतलं कोवळं गवत खरंच पोपटी असतं, सप्टेंबरात तो रंग निबर होतो, ऑक्टोबरअखेरीला सोनेरी झाक येते. ऑक्टोबरचा फोटो जुलैसारखा दिसत असेल तर तो डोंगरावर अन्याय आहे.

डोंगररांगेभोवती पांढरी किनार. कड्याची रेघ आणि आभाळ यांच्या मध्ये प्रकाशाचं एक वलय दिसतं, देवादिकांच्या कॅलेंडरातल्यासारखं. क्लॅरिटी (कडांचा उठाव) किंवा एचडीआर (उजेड-अंधार दोन्ही दाखवायची जोडणी) जोरात लावल्याची, नाहीतर आभाळाचा मास्क, म्हणजे तेवढाच भाग निवडायची चौकट, ओबडधोबड काढल्याची ही खूण. स्वतः तासभर त्याच फोटोकडे बघणाऱ्याला ती दिसत नाही. मोठं करून, बोट ठेवून दाखवा. उपाय : क्लॅरिटी पूर्ण फोटोला लावण्याऐवजी खडकापुरती ब्रशनं लावणं आणि मास्कची कड मऊ करणं.

डिहेझचा अतिरेक. लांबच्या रांगा फिक्या आणि निळसर दिसतात, कारण मधली हवा प्रकाश, त्यातही निळा प्रकाश, विखुरते. मेंदू त्यावरूनच अंतर ओळखतो. डिहेझ ओढून पाचही रांगा सारख्याच काळ्या केल्या की दहा किलोमीटरवरचा डोंगर अंगणात येऊन बसतो. शिवाय आभाळ घाण होतं, सेन्सरवरची धूळ आणि नॉइज (रवाळ ठिपके) वर येतात. डिहेझ लावायचंच असेल तर जवळच्या भागापुरतं लाव, असं सांगा. सह्याद्रीत रांगांमागे रांगा हेच तर आपलं भांडवल.

सावल्या उपसून काढलेला फोटो. शॅडो (सावल्यांचा) स्लायडर उजव्या टोकाला, हायलाइट (उजळ भागांचा) डाव्या टोकाला. सगळं दिसतं आणि काहीच उठत नाही. हा दोष मी स्वतः दोन वर्षं केला. सावलीत काय आहे हे दाखवायलाच हवं, असा माझा समज होता. एका ज्येष्ठ सदस्यानं मला फक्त एवढं विचारलं : ‘त्या घळीत बघण्यासारखं काय आहे?’ काहीच नव्हतं. मी स्लायडर मागे आणला.

फुलांचे सपाट डाग. कासच्या सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी इतके तीव्र असतात की एकूण उजेड नीट असूनही लाल चॅनेल भरून वाहतो आणि पाकळ्यांतले बारकावे जातात. इथे हिस्टोग्राममधला, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या आलेखातला, लाल-हिरवा-निळा वेगवेगळा उघडून दाखवावा. एकत्र आलेख ‘सगळं ठीक’ म्हणत असतो. सूर्यास्ताभोवती केशरी कडी-कडी दिसतात, त्यामागेही बहुधा हेच असतं. (कासवर फुलं तुडवून काढलेला फोटो असेल तर मी रंगांवर बोलतच नाही, आधी तेच विचारतो. हाही अभिप्रायाचाच भाग आहे.)

खरखरीत गवत. शार्पनिंग नेहमी शंभर टक्के झूमवर पाहायला सांगा आणि मास्किंगचा (धार फक्त कडांपुरती ठेवणारा) स्लायडर दाखवा, म्हणजे आभाळाला आणि पाण्याला धार लावली जात नाही.

आभाळ बदललंय अशी शंका आली तर

आता एका बटणावर आभाळ बदलतं. कुणी ते उघडपणे केलं तर कलाकृती म्हणून पाहावं आणि कारागिरीवर बोलावं. न सांगता केलं असेल तर खुणा सापडतात. पवना धरणाच्या पाण्यात राखाडी आभाळ आणि वर पेटलेली संध्याकाळ. सूर्य डावीकडे आणि दगडांच्या सावल्याही डावीकडे. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून सुवेळा माची पूर्वेला आहे, तिच्यामागे ‘सूर्यास्त’ होऊ शकत नाही.

चंद्राचं गणित आणखी सोपं. फुल-फ्रेम (३६ मिमी रुंद) सेन्सरवर चंद्राचा व्यास मिलिमीटरमध्ये साधारण फोकल लेंथ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा) भागिले ११० एवढा पडतो. २४ मिमी लेन्सवर तो ०.२२ मिमी, म्हणजे ३६ मिमी रुंद फ्रेमच्या दीडशेव्या भागाहूनही लहान. २०० मिमीवर साधारण विसावा भाग. वाइड फोटोत बुरुजावर परातीएवढा चंद्र असेल तर तो दुसरीकडून आलाय. आकाशगंगेचा तेजस्वी गाभा महाराष्ट्रातून नेहमी दक्षिणेच्या बाजूला दिसतो, जास्तीत जास्त ४३ अंशांच्या आसपास चढतो आणि भर जानेवारीच्या रात्री तो फोटोत असायला नको.

हे सगळं माहीत असलं तरी चारचौघांत पोलिसगिरी करू नका. मी बाजूला घेऊन विचारतो, ‘आभाळ त्याच वेळचं आहे का रे?’ दोनदा उत्तर आलं, ‘नाही, पण सांगायला विसरलो.’ एकदा आलं, ‘हो, त्याच वेळी कमी-जास्त उजेडात काढलेली दोन एक्स्पोजर जोडलेत,’ आणि तोंडघशी मी पडलो.

शब्द कसे निवडायचे

मराठी कान ‘पण’ची वाट पाहतो. ‘फोटो छान आहे, पण…’ म्हटलं की ‘पण’च्या आधीचं सगळं वाया जातं. म्हणून कौतुक वेगळ्या वाक्यात करा, कारणासकट करा आणि तिथे पूर्णविराम द्या. ‘धुक्याची पट्टी गडाच्या बरोबर खाली थांबलीय, त्यामुळे गड तरंगतोय.’ थांबा. मग पुढचं वाक्य. कारण नसलेलं कौतुक टीकेइतकंच निरुपयोगी असतं, कारण नक्की काय जपायचं ते कळत नाही.

‘मी असतो तर…’ हे टाळा. तुम्ही नव्हता. पहाटे साडेपाचला वाऱ्यात ट्रायपॉड धरून तो होता.

‘तू’ ऐवजी ‘फोटो’ला कर्ता करा. ‘तू आभाळ घालवलंस’ आणि ‘आभाळात उजवीकडे काही उरलं नाहीये’ यांत माहिती एकच आहे. वडीलधाऱ्यांशी बोलताना प्रश्न सर्वांत चांगला : ‘काका, ती उजव्या कोपऱ्यातली फांदी मुद्दाम ठेवलीत का?’ काका एक तर कारण सांगतात आणि आपण शिकतो, नाहीतर स्वतःच म्हणतात, ‘छे, आत्ताच दिसली.’ बरोबरीच्या मित्राला ‘अरे, क्षितिज बघ’ पुरतं. कॉलेजातली नवी मुलगी पहिल्यांदा फोटो घेऊन आली असेल तर एकच सूचना, तीही अशी की जी त्याच बैठकीत लॅपटॉपवर करून पाहता येईल. दोन मिनिटांत फोटो सुधारताना पाहिला की ती पुढच्या महिन्यात येते.

एकूण सूचना दोनच. एक टेबलावरची, एक पुढच्या फेरीसाठी. बाकीच्या खऱ्या असल्या तरी गिळायच्या. मला हे अजूनही जड जातं.

आणि दुसऱ्याच्या फाइलला विचारल्याशिवाय हात लावू नये. ‘क्रॉप करून दाखवू का?’ असं विचारा, वेगळी प्रत करा, दोन्ही शेजारी ठेवा आणि नंतर आपली प्रत पुसून टाका. त्याच्या फोटोची आपली आवृत्ती गटात फिरवणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात जाऊन फर्निचर हलवणं.

एक पूर्ण उदाहरण

गेल्या हिवाळ्यात एकानं तिकोन्यावरून काढलेला सकाळचा फोटो आणला होता. खाली पवनेचं पाणी, पलीकडे तुंग, पाण्यावर धुक्याचा पातळ थर, पुढे कोपऱ्यात वाळलं गवत. त्याला सांगायचं होतं ते ‘शांतता’. मी त्याला लिहून दिलेला अभिप्राय जवळपास असा होता :

‘नजर आधी तुंगाच्या टोकावर गेली आणि तिथून उतारावरून धुक्यात उतरली. हा रस्ता फार सुंदर आहे, तो मोडू नकोस. नंतर नजर डावीकडे खालच्या गवतात अडकली. गवत फोटोतलं सर्वांत धारदार आणि पिवळं आहे, आणि शांत फोटोत तेच एकटं बोलतंय. टेबलावर : गवतापुरतं क्लॅरिटी आणि पिवळ्याचं सॅच्युरेशन खाली आणून बघ, नाही जमलं तर खालून दहावा भाग कापून बघ. पाणी किंचित उजवीकडे कललंय, तेही सरळ होईल. पुढच्या वेळी : सूर्य तुझ्या पाठीशी होता, म्हणून तुंगाचा उतार सपाट दिसतोय. तिकोन्यावरून तुंग पश्चिमेकडे आहे, तेव्हा दुपार कलल्यावर तोच डोंगर काळ्या आकृतीसारखा दिसेल आणि पाणी चमकेल. तो वेगळा फोटो असेल, चांगला की वाईट माहीत नाही.’

यात तिसरी सूचना घुसलीच, कल सरळ करण्याची. माझा नियम मीच मोडला.

अभिप्राय दिला की काम संपत नाही. पुढच्या बैठकीत ‘त्या तुंगाचं काय केलंस?’ असं विचारा, जुनी आणि नवी प्रत शेजारी लावा. कधी कधी नवी प्रत वाईट असते, आणि मग आपली सूचनाच चुकली होती असं मोकळेपणानं म्हणावं लागतं. घेणाऱ्यालाही मी एवढंच सांगतो : ऐकताना बाजू मांडू नकोस, लिहून घे, दोन दिवसांनी फोटो उघड आणि तुला पटेल तेवढंच कर.

तो तुंगवाला महिन्यानं दुसरी प्रत घेऊन आला. गवत मवाळ झालं होतं, खालची कड कापली होती, फोटो खरंच शांत झाला होता. सगळे गप्प बसून बघत होते. काकांनी चष्मा पुसला, पुढे वाकले आणि म्हणाले, ‘पाणी अजून उजवीकडेच चाललंय रे.’